दोन सभागृहे आणि एक यादी

लग्नाच्या याद्या लिहून देण्याचे काम पुष्कळदा आमच्याकडे येते. त्याचे कारण आमची विद्वत्ता नव्हे, आमचे अक्षर. फळ्यावर तीसांहून अधिक वर्षे लिहून हातास जे वळण लागले ते सेवानिवृत्तीनंतरही गेलेले नाही, आणि सफाळ्यासारख्या गावी असली गोष्ट सर्वांस ठाऊक असते. गेल्या मार्गशीर्षात एका परिचितांच्या घरी याच कामासाठी आम्हांस बोलावणे आले. वरपक्षाची चार वडीलधारी मंडळी मुंबईहून सकाळच्या गाडीने आली होती. मुहूर्त ठरला, कार्यालय ठरले, कोणाकडील किती पाने याचाही अंदाज झाला. मग वरपिते प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "आमचे काही एक मागणे नाही. तुम्ही आपल्या मुलीस हौसेने जे द्याल ते द्या."

हे ऐकून वधूपित्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसावयास हवे होते ते दिसले नाही. क्षणभर थांबून त्यांनी आम्हांस सांगितले, "लिहा, गुरुजी. बारा तोळे सोने, चांदीची भांडी, आणि नवा संसार मांडण्यासाठी रोख पाच लाख." आम्ही लिहिले. पुढे "हौसेने" असा शब्दही घातला, कारण तसा प्रघात आहे.

चहाचे पेले उचलावयास आलेली नवऱ्या मुलीची धाकटी बहीण आमच्या खांद्यावरून ते वाचीत होती. ती अकरावीत राज्यशास्त्र शिकते. मंडळी हातपाय धुण्यास उठल्यावर ती हळूच म्हणाली, "गुरुजी, हुंडा घेणे हा गुन्हा आहे असे आमच्या पुस्तकात आहे. आणि कायदा एका नव्हे, दोन सभागृहांत संमत व्हावा लागतो, असेही आहे. मग एवढ्या लोकांनी दोनदोनदा विचार केला, तरी 'हौसेने' हा शब्द त्यांच्या नजरेतून सुटला कसा?"

त्या वेळी आम्ही तिला पुरे उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर आज या सदरातून देण्याचा विचार आहे. कारण प्रश्न एकट्या त्या मुलीचा नाही.

पार्लमेंट म्हणजे लोकसभा, असा समज आपल्या घरांतून सर्रास आढळतो. वस्तुतः घटनेच्या ७९व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेची अंगे तीन : राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा. यांपैकी लोकसभेशी आपला संबंध थेट आहे. तिच्या निवडून द्यावयाच्या जागा ५४३. त्यांत महाराष्ट्राच्या ४८, आणि त्यांतील एक आमची पालघरची. हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव असून तेथील पहिली निवडणूक २००९ साली झाली. लोकसभेची मुदत पाच वर्षांची. पाच वर्षांनी, किंवा ती आधी विसर्जित झाल्यास त्यापूर्वीच, सगळे सभागृह नव्याने निवडले जाते.

राज्यसभेचे तसे नाही. ती कधीच विसर्जित होत नाही. आमच्या वैतरणेच्या पुलाखालून पाणी सतत जात असते, पण नदी तीच राहते. त्याप्रमाणे दर दोन वर्षांनी तिचे सुमारे एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात, त्यांच्या जागी नवे येतात, आणि सभागृह चालूच असते. सभासदाची मुदत सहा वर्षांची. आज तिच्या जागा २४५ आहेत. त्यांपैकी २३३ सभासद राज्यांतून आणि काही केंद्रशासित प्रदेशांतून निवडून येतात. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ आहेत. यांना आपण मत देत नाही. आपण निवडलेले आमदार देतात. उरलेले बारा सभासद साहित्य, शास्त्र, कला व समाजसेवा यांतील जाणत्या मंडळींतून राष्ट्रपती नेमतात. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे १९५३ साली याच वाटेने राज्यसभेत गेले, आणि नाटककार मामा वरेरकर १९५६ साली. लोकसभेस उभे राहण्यास वयाची पंचवीस वर्षे पुरी व्हावी लागतात, राज्यसभेस तीस. लोकसभेत अध्यक्ष सभेतूनच निवडतात. पहिले अध्यक्ष आपले गणेश वासुदेव मावळंकर. राज्यसभेचे सभापतिपद मात्र उपराष्ट्रपतींकडे पदसिद्ध असते.

दोन्ही सभागृहांचे अधिकार अगदी सारखे नाहीत. मंत्रिमंडळ जबाबदार असते ते लोकसभेस. १९९९च्या एप्रिलात वाजपेयी यांचे मंत्रिमंडळ एका मताने पडले, ते लोकसभेत. राज्यसभेस मंत्रिमंडळ पाडता येत नाही. पैशाच्या बाबतीतही शेवटचा शब्द लोकसभेचाच. धनविधेयक तेथेच मांडावे लागते, आणि राज्यसभेने ते चौदा दिवसांत परत न केल्यास संमत झाले असे समजतात. उलटपक्षी काही अधिकार एकट्या राज्यसभेस आहेत. राज्यांच्या अखत्यारीतील एखाद्या विषयावर राष्ट्रहितासाठी संसदेने कायदा करावा, किंवा एखादी नवी अखिल भारतीय सेवा स्थापावी, असे ठरवावयाचे झाल्यास राज्यसभेचा दोनतृतीयांश बहुमताचा ठराव लागतो. मंत्र्यांस प्रश्न विचारणे, खात्यांच्या कारभाराची समित्यांतून छाननी करणे, ही कामे दोन्हीकडे चालतात.

आता साधे विधेयक घ्या. ते प्रथम मांडले जाते. मग त्याचे कलमवार वाचन होऊन दुरुस्त्या सुचविल्या जातात. शेवटी संपूर्ण विधेयकावर मत घेतले जाते. यांना तीन वाचने म्हणतात. एका सभागृहाची तीन वाचने झाली की दुसऱ्या सभागृहात पुनः तोच क्रम. मग राष्ट्रपतींची संमती. एवढा खटाटोप कशासाठी, असे पुष्कळांस वाटते. ज्यांनी शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्यांस असे वाटणार नाही. परीक्षकाने तपासलेल्या पत्रिका नियामकाच्या हाती जातात. परीक्षक अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे; शंभर पत्रिका तपासून त्याचा डोळा एका चाकोरीत गेलेला असतो, आणि चाकोरीतील डोळ्यास स्वतःची चूक दिसत नाही म्हणून. दुसरे सभागृह हे लोकसभेच्या पत्रिकेवरील नियामक होय, आणि उलटही.

परंतु परीक्षकाचे व नियामकाचे पटले नाही तर? घटनेच्या १०८व्या अनुच्छेदात याची सोय आहे. एका सभागृहाने संमत केलेले विधेयक दुसऱ्याने फेटाळले, किंवा दुरुस्त्यांवर दोघांचे अखेरपर्यंत जमले नाही, किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्याने ते तसेच ठेवले, तर राष्ट्रपती दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावू शकतात. तेथे लोकसभेचे अध्यक्ष आसनस्थ होतात आणि हजर राहून मत देणाऱ्या सर्वांच्या बहुमताने निकाल होतो. अर्थात् ज्या सभागृहाची माणसे दुपटीहून अधिक, त्याचे पारडे जड. धनविधेयकास ही वाट लागू नाही, घटनादुरुस्तीसही नाही. घटना बदलावयाची तर दोन्ही सभागृहांनी स्वतंत्रपणेच होकार दिला पाहिजे. पंचायतींना घटनेत स्थान देणारे विधेयक १९८९ साली लोकसभेत संमत होऊनही राज्यसभेत आवश्यक मतांअभावी पडले. संयुक्त बैठकीची वाटच नव्हती. नव्याने मांडलेली दुरुस्ती दोन्ही सभागृहांत संमत होऊन १९९३च्या एप्रिलात अमलात आली. आज आमच्या सफाळ्याच्या ग्रामपंचायतीमागे घटनेचा जो आधार आहे, तो असा एक वेळ अडून मग आलेला आहे.

प्रजासत्ताकाच्या आजवरच्या आयुष्यात संयुक्त बैठकीने निकाल लागलेली विधेयके तीनच : १९६१, १९७८ आणि २००२ या सालांतील. १९७८चे बँकांच्या नोकरभरतीच्या आयोगासंबंधी होते, २००२चे दहशतवादाच्या प्रतिबंधासंबंधी. पण पहिले, १९६१चे, कशासंबंधी होते हे आपल्या किती घरांतून ठाऊक आहे? ते हुंड्यासंबंधी होते.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. हुंडाप्रतिबंधक विधेयक २४ एप्रिल १९५९ रोजी लोकसभेत मांडले गेले. तत्पूर्वी बिहारने १९५० साली व आंध्रने १९५८ साली आपापले कायदे केले होते. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, समितीने दुरुस्त्यांसह अहवाल दिला, आणि त्यानंतर दोन्ही सभागृहांचे एकमत होईना. शेवटी ६ व ९ मे १९६१ या दोन दिवशी संयुक्त बैठक झाली. अध्यक्षस्थानी अनंतशयनम् अय्यंगार होते. प्रधानमंत्री नेहरूंनी त्या प्रसंगी जो विचार मांडला त्याचा आशय असा, की खोल मुरलेले सामाजिक दोष नुसत्या कायद्याने जात नाहीत; तथापि कायदा हवाच, कारण तो लोकमतास वळण लावतो. राज्यसभेच्या सभासदांत त्या वेळी मामा वरेरकर होते. हुंड्याच्या चालीवर आसूड ओढणारे त्यांचे 'हाच मुलाचा बाप' हे नाटक पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रंगभूमीवर आले होते. म्हणजे ज्या प्रश्नावर नाटककाराने तारुण्यात लिहिले, तो कायद्याच्या उंबरठ्यावर येईतो त्याच्या आयुष्याची चाळीसांहून अधिक वर्षे गेली होती.

वाद कशावर होता? नेमका 'हौसेने' या शब्दावर. लग्नाच्या वेळी वधूवरांस ज्या भेटी देतात, रोख, दागिने, कपडे, वस्तू, त्यांस हुंडा समजावयाचे की नाही? एक पक्ष म्हणे, बापाने लेकीस प्रेमाने काही द्यावे यात कायद्याने हात घालू नये. तसे केल्यास प्रत्येक घर गुन्हेगार ठरेल. दुसरा पक्ष म्हणे, भेटींस सूट दिली की हुंडा उद्यापासून भेटीचे नाव घेऊन येईल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. २० मे १९६१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून १ जुलैपासून कायदा अमलात आला, तेव्हा त्यात पहिल्या पक्षाचे म्हणणे राहिले : विवाहाचा मोबदला म्हणून दिलेल्या नसतील तर अशा भेटी हुंडा नव्हेत, असा स्पष्ट खुलासा कलमाखाली जोडला होता. शिक्षाही सौम्य होती. फार तर सहा महिने कैद, पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा शब्द नजरेतून सुटला नव्हता. तो पाहिला गेला, त्यावर दोन सभागृहे अडली, आणि समजून उमजून तो ठेवला गेला.

त्याचा परिणाम काय झाला हे सांगण्यास आम्हांस दूर जावयास नको. १९७८ साली आमच्या थोरल्या भगिनीचा विवाह झाला. तिच्याही याद्या आम्हीच लिहिल्या; आमचे अक्षर तेव्हापासून गाजत आहे. त्या घरच्यांनीही काही मागितले नव्हते. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली, आणि केळव्याच्या बाजूस आमची जी थोडी वाडी होती ती विकली. त्या वाडीचा उल्लेख घरात पुनः कोणी केला नाही. यादीत मात्र ते सर्व 'हौसेने' म्हणून नोंदले आहे, आणि तो शब्द आमच्या हातचा आहे.

येथे आमच्या शेजारचीच एक गोष्ट आठवते. आमच्या भागात डोंगराकडे वारल्यांचे पाडे आहेत. त्यांच्यात रीत उलट. मुलाकडील मंडळी मुलीच्या घरी देज देतात. या जिल्ह्यात पूर्वी लग्नाच्या खर्चासाठी सावकाराचे वा जमीनदाराचे कर्ज काढून त्यापायी वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबणारे लोक होते. त्यांस 'लग्नगडी' म्हणत. वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली वारल्यांनी उठाव केला. पुढे संसदेने १९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदा केला. त्यांच्या कर्जास जगाने गुलामी म्हटले. आमच्या कर्जास आम्ही हौस म्हटले. देजाची दिशा वेगळी, हुंड्याची वेगळी. परंतु कायद्याने हुंड्याची जी व्याख्या केली आहे ती एका पक्षाने दुसऱ्या पक्षास दिलेल्या मालमत्तेची आहे, कोणत्या बाजूने कोणत्या बाजूस हा भेद त्यात नाही.

सभागृहात मतदानाने हरलेले म्हणणे नाहीसे होत नाही, ही या व्यवस्थेची खरी शोभा. ते कामकाजाच्या नोंदीत राहते आणि पुढच्यांस सापडते. कायदा फळत नाही असे दिसल्यावर १९८० साली दोन्ही सभागृहांची एक संयुक्त समिती नेमली गेली. १९८२ साली तिचा अहवाल आला. भेटींना सूट देणारा तो खुलासा काढून टाकावा, कारण ही भेट आपण विवाहाचा मोबदला म्हणून दिली असे कोणताही देणारा सहसा कबूल करणार नाही, असा तिचा अभिप्राय होता. १९८४च्या दुरुस्तीने खुलासा निघाला. म्हणजे १९६१ साली जो पक्ष हरला तो तेवीस वर्षांनी जिंकला. १९८६ साली शिक्षाही वाढली : हुंडा देणे वा घेणे यास किमान पाच वर्षे कैद, आणि पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याची किंमत यांपैकी अधिक असेल तेवढा दंड. देणाराही यातून सुटलेला नाही, हे वधूपित्यांनी ध्यानात ठेवावे. हुंडा दुसऱ्या कोणी घेतला असल्यास तो त्या स्त्रीच्या हवाली करणेही बंधनकारक आहे.

तेवीस वर्षे हा काळ सभागृहाच्या मानाने मोठा नसेल. पण त्या तेवीस वर्षांत ज्यांची लग्ने झाली त्यांत आमची भगिनी होती. नियामकाने वाढविलेला गुण निकालानंतर कळला, तर त्या वर्षीच्या विद्यार्थ्यास त्याचा उपयोग नसतो. विलंब हे दुसऱ्या सभागृहाचे बळ आहे, तसा त्याची किंमत कोणी तरी घरात बसून मोजीत असतो, हेही खरे.

आज भेटींस मुळीच जागा नाही असे नव्हे. मागणी नसता दिलेल्या भेटी कायद्यास चालतात. परंतु त्यांची यादी ठेवली पाहिजे, आणि वधूकडून गेलेल्या भेटी रूढीप्रमाणे असून देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने फार जड नसल्या पाहिजेत. यादीचे नियम १९८५ साली झाले. वधूस आलेल्या भेटींची यादी वधूने ठेवावयाची, वरास आलेल्यांची वराने. प्रत्येक वस्तूचे वर्णन, अदमासे किंमत, देणाऱ्याचे नाव, आणि तो नातलग असल्यास नाते लिहावयाचे, आणि खाली वधू व वर दोघांनी सही करावयाची. आमच्या समाजात याद्या पूर्वापार आहेत. कायद्याने त्यात किंमत, नाव आणि सही तेवढी आणली.

इतके सारे त्या दिवशी आमच्या मुखी नव्हते. परंतु जेवणे झाल्यावर आम्ही कागद पुनः पुढे ओढला आणि दोन्ही यजमानांस एवढे सांगितले, की भेटींची यादी आता नियमाप्रमाणे करावी लागेल. प्रत्येक ओळीपुढे किंमत व देणाऱ्याचे नाव येईल, आणि लग्नाच्या दिवशी वधूवरांची सही खाली घ्यावी लागेल. दागिन्यांस कोणी हरकत घेतली नाही. ते मुलीचे स्त्रीधन आहे. रोख रकमेच्या ओळीवर बोट येताच वरपिते थोडे थांबले आणि म्हणाले, "तेथे आमच्या मुलाची सही कशाला? ती ओळ तूर्त राहू द्या." वधूपित्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही ती ओळ खोडली.

ओळ खोडली गेली. रक्कम खोडली गेली काय, हे आम्ही त्यानंतर विचारले नाही. विचारावयास हवे होते.

त्या मुलीस आमचे उत्तर हे, की बाळ, दोन्ही सभागृहांनी तो शब्द पाहिला होता. त्यांनी त्यावर वाद केला, एकदा चुकले, आणि पुढे आपली चूक दुरुस्त केली. तिसरे वाचन आता आपल्या माजघरात व्हावयाचे आहे. तेथे अध्यक्ष नाही, नोंद ठेवणारा कारकून नाही. यादी लिहिणारा असतो, आणि त्याच्या खांद्यावरून वाचणारी तुझ्यासारखी कोणी असते. पुढच्या वेळी तू हळूच विचारू नकोस. मंडळी बसलेली असतानाच विचार. आम्हीही लेखणी खाली ठेवू.